त्रास द्यायला हवा होता, आबा

आबा,

पंचगंगेच्या घाटावर तुमच्या रक्षाविसर्जनाला जी जी माणसे बोलायला उभी राहिली, त्या सगळ्यांनी तुमचे एकाच गोष्टीसाठी कौतुक केले. बारदानाच्या धंद्यातले तुमचे जुने सोबती म्हणाले, पुण्यवान माणूस, कुणाला त्रास न देता गेला. गल्लीतले म्हणाले, अंथरुणाला खिळला नाही, चालता-बोलता गेला. तुमच्या एका भाच्याने तर हात जोडून स्वतःसाठीही असेच मरण मागून घेतले. माना डोलत होत्या. मी मागे पायरीवर उभा राहून ऐकत होतो.

माझा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही, ही तक्रार मी नोकरीभर ऐकली आहे. तुम्हीच म्हणायचा, "मास्तर, तुमी गणित शिकवता का गणिताच्या कानात सांगता?" तरी त्या दिवशी मी गर्दीतून पुढे गेलो. मला कुणी बोलावले नव्हते. मी म्हणालो, "आबांनी कुणाला त्रास दिला नाही, हे खरं आहे. पण ते कौतुकाचं नाही. त्यांनी त्रास द्यायला हवा होता. दिला असता, तर आज आपण या घाटावर उभे नसतो."

फेटा बांधलेले एक वयस्कर गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाले, "मास्तर, मयताच्या जागी असं बोलत न्हाईत."

"मग कुठं बोलायचं?" रंगराव माझ्या मागून गरजले. "मयत व्हायच्या आदी कोण बोललं न्हाय, म्हणून तर हितं आलोय की सगळी!"

तुमचे रंगराव. आयुष्यभर एसटी चालवली आणि निवृत्तीनंतरही हॉर्न मात्र घरी नेला, असे तुम्ही त्यांना म्हणायचा. त्या दिवशी त्या हॉर्नचा मला मोठा आधार वाटला.

आबा, तुम्ही तिथे असता तर फेटेवाल्यांची बाजू घेतली असती, हे मला माहीत आहे. म्हणून हे लिहितो आहे. आपले भांडण अर्धे राहिले आहे, आणि तुम्ही निघून गेलात म्हणून ते तुम्ही जिंकलात, हे मी मान्य करणार नाही.

भांडण जुने होते. डॉक्टरकडे जायचे केव्हा, एवढाच प्रश्न. तुमचे उत्तर तुमच्या दुकानातून आलेले होते. मंगळवार पेठेतल्या त्या अंधाऱ्या, तागाचा वास भरलेल्या खोलीत तुम्ही मांडीवर पोते घेऊन बसलेले असायचा, हातात दाभण, दातांत सुतळी. दुकान नावापुरतेच राहिले होते, प्लास्टिकच्या पोत्यांनी तुमचा धंदा कधीच खाल्ला होता. तरी तुम्ही फाटकी पोती शिवत बसायचा. म्हणायचा, "पोतं उसवलं तर दाभण घ्यायचं, मास्तर. गोदाम पेटवायचं न्हाय." ताप आला की पहिल्या दिवशी लंघन. दुसऱ्या दिवशी आल्याचा काढा. मग पांढऱ्या रश्श्याचा वाडगा, वर घोंगडे, घाम. "घाम निघाला की ताप गेला. न्हाय गेला, तर त्येला जायाला आणि एक दीस द्यायचा. पावणा हाय त्यो, हाकलत न्हाईत."

मी म्हणायचो, "आणि पाहुणा मुक्कामालाच आला असेल तर?"

"माझं शरीर हाय. माझं मला कळतंय."

या वाक्यापुढे मी नेहमी थांबलो. गणित शिकवणारा माणूस मी. गृहीतक चुकीचे असेल तर पुढची सगळी रीत वाया जाते, हे मुलांना सांगत आलो. पण तुमचे ते वाक्य मी कधी फळ्यावर मांडून तपासले नाही. तपासायला हवे होते. आजाऱ्याला आपला आजार कळतो, हे किती वेळ खरे असते? कुठपर्यंत? पुढे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला जे सांगितले, ते त्या वेळी मला ठाऊक असते तर मी तुमचे दाभण काढून घेतले असते.

पण तुमच्या वाक्याच्या पाठीमागे दुसरेही एक वाक्य होते. ते तुम्ही फक्त एकदा बोललात, कळंब्याच्या तलावाच्या बांधावर. रविवारचे आपण तिथवर फिरायला जायचो, तुम्ही दोन पावले पुढे आणि मी मागे. काकी गेल्या आणि तुम्ही घरात एकटे उरलात, त्याला तेव्हा वर्ष उलटले असेल. तुम्ही मागे न बघता म्हणालात, "दवाखान्यात गेलं की पयला फोन लेकीला, वैशूला जातोय. ती बेळगावास्नं येती, रडती, आणि जाताना मला पिशवीत घालून न्हेती. तिथं तिसऱ्या मजल्यावर बसायचं आणि टीव्ही बघायचा. ह्यापेक्षा ताप बरा."

मला हे कळले होते, आबा. पूर्ण कळले होते. माझी पत्नी नातवाला सांभाळायला पुण्याला गेली, त्याला वर्ष झाले. मी नोकरीचे निमित्त सांगून इथे राहिलो. खरे कारण एवढेच, की सकाळी आपल्या हाताने आपले दार उघडावे आणि आपल्या गल्लीत पाऊल टाकावे, या सुखावर मला कुणाची सही नको होती. तुम्हाला तेच हवे होते. तुमचे घर जाईल, या भीतीने तुम्ही आजार झाकत होता. ती भीती मूर्खपणाची नव्हती, हे मी आजही सांगेन. तिच्यावरचा उपाय तेवढा चुकला.

आणि उपाय काढणारा मी होतो. त्यामुळे हे पत्र लिहिताना मला इतरांकडे बोट दाखवता येत नाही.

आपला दुधाचा कट्टा. शामरावांच्या म्हशी सकाळी कोपऱ्यावर येणार, आपल्यासमोर धार काढली जाणार, फेसाळलेला पेला हातात पडणार, आणि तो उभ्यानेच रिकामा करायचा, हा तुमचा नियम. "दूध बसून पितंय ते रेडकू." त्या कट्ट्यावर आपण तिघे एकटे राहणारे होतो: तुम्ही, रंगराव आणि मी. एकटा माणूस घरात पडला तर कुणाला कळणार, असा विषय एकदा निघाला आणि मला ती युक्ती सुचली. शामरावांनी तिघांचे तीन पेले वेगळे ठेवायचे. धारा संपेपर्यंत एखादा पेला तसाच राहिला, तर उरलेल्या दोघांनी त्याच्या घरी जाऊन दार वाजवायचे. एकमेकांच्या किल्ल्या एकमेकांकडे. तुम्ही हसलात. "मास्तर, शाळा सुटली तरी हजेरी सुटंना तुमची." पण किल्ली दिलीत. मला त्या युक्तीचा अभिमान वाटला होता. पुण्याला फोन करून मी पत्नीला मोठ्या रुबाबात सांगितले होते, की आता काळजीचे कारण नाही.

शिक्षकाला हजेरीचा केवढा भरवसा! मुलगा 'हजर' म्हणाला की तो हजर. त्याचे डोळे कुठे आहेत, त्याने सकाळी काही खाल्ले आहे का, हे पटात लिहायला जागा नसते. मी कट्ट्यावर तोच पट मांडला. आणि तुम्ही, आबा, तो पट माझ्यापेक्षा लवकर ओळखलात. पेला उचलला की कुणी दारात येणार नाही, फोन होणार नाही, बेळगाव होणार नाही. म्हणजे काही झाले तरी सकाळी पेला उचलायचा. तुमच्या रक्षणासाठी केलेला नियम तुम्ही आजार लपवायला वापरलात, आणि आम्ही तुम्हाला रोज हजर मांडत गेलो.

थंडीचे दिवस होते. आधी नुसता खोकला होता. मग कानटोपी आली, मग मफलर. कसे आहात, असे विचारले की तुमचे ठरलेले उत्तर, "एक नंबर." नंतर नंतर तुम्ही 'एक' म्हणायचा, दम घ्यायचा आणि मग 'नंबर' म्हणायचा. मी ते ऐकले. एके सकाळी तुम्ही दुकानाच्या पायरीवर बसून दूध प्यायलात. रंगराव म्हणाले, "काय आबा, रेडकू झाला व्हय?" तुम्ही हसलात आणि हसण्यातच तुम्हाला खोकल्याची ढास लागली. मी ते पाहिले. त्याच सकाळी, शामराव म्हशीकडे वळले असताना, तुम्ही अर्धा पेला हळूच गटारात ओतलात. गटाराच्या कडेला पांढरा फेस राहिला होता. तोही मी पाहिला.

मी काही बोललो नाही. याला मी तेव्हा आदर म्हणत होतो. मोठ्या माणसाने झाकलेले आपण उघडू नये, अशी माझी शिकवण. गेले काही दिवस मी त्या आदराला उलटून पालटून बघतो आहे, आणि त्याच्या आतल्या बाजूला मला साधी सोय दिसते. विचारले असते तर तुम्ही चिडला असता, माझी सकाळ गेली असती, शाळेला उशीर झाला असता. माझ्या मऊ आवाजाला लोक सौजन्य म्हणतात. त्यात किती सौजन्य आहे आणि किती अंग काढून घेणे आहे, ते मला आता कळू लागले आहे.

शेवटच्या सकाळी तुम्ही शामरावांना "दौलू" अशी हाक मारलीत.

"दौलू, धार जरा... लांबनं सोड."

दौलूमामा म्हणजे शामरावांचे वडील. त्यांना जाऊन किती काळ लोटला. क्षणभर शामरावही थबकले. आणि मग रंगराव म्हणाले, "आबा, दौलूमामाला हाक मारताय, वरनं कायतरी निरोप आलाय का?" सगळे हसले. मी हसलो. तुम्हीसुद्धा हसलात, पण उशिराने, आमच्याकडे बघून, इथे हसायचे असते हे ओळखून हसल्यासारखे. ते हसणे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पेला रिकामा झाला. हजेरी लागली.

दुसऱ्या दिवशी पेला राहिला. नियम अगदी चोख चालला, आबा. दार वाजवले, किल्लीने उघडले. तुम्ही खुर्चीत बसलेले होता, एका पायात चप्पल, दुसरी हातात. कट्ट्याकडे निघाला होता. ओठ निळसर पडलेले. रंगरावांनी तुम्हाला लहान पोरासारखे उचलले आणि रिक्षात घातले. वाटभर ते तुम्हाला शिव्या देत होते आणि रडत होते.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो दाखवला. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, त्यात साखर वाढलेली. त्या रागावल्या नाहीत, याचे मला नवल वाटले. मी विचारले, ताप किती दिवस काढायचा असतो? कधी यायचे असते? त्या म्हणाल्या, "ताप किती दिवस हे नंतर मोजा. आधी एवढं बघा, की काल जे सहज जमत होतं ते आज जमतंय का. एक वाक्य एका दमात बोलता येतंय का, प्यायलेलं पाणी पोटात राहतंय का, लघवीला होतंय का, दारापर्यंत चालता येतंय का. यातलं एखादं सुटलं, तर त्याच दिवशी यायचं. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, हातातली शक्ती गेली, तर दिवससुद्धा नाही, त्याच मिनिटाला." मग त्यांनी विचारले, "बोलण्यात काही घोळ होत होता का?"

मी दौलूमामांचे सांगितले.

"ते आजाऱ्याला स्वतःला कळत नाही हो, सर," त्या म्हणाल्या. "ऑक्सिजन कमी पडायला लागला की माणसाचं भान सुटतं. त्याला वाटतं, आपण ठीक आहोत. म्हणून दुसरं माणूस लागतं."

आबा, हे माझे तुम्हाला उत्तर आहे. उशिरा मिळालेले, पण उत्तर. "माझं मला कळतंय" हे खरे होते. ज्या दिवशी त्याची खरी गरज होती, नेमके त्या दिवशी ते खोटे झाले. निवाडा करणारा आजारी पडला, आणि आपण त्याच्याच निकालाची वाट बघत बसलो. एकटे राहण्याचा तुमचा हक्क मी आजही मानतो. एकट्याने आजार ठरवण्याचा हक्क मात्र मानत नाही. तो कुणालाच नाही, मलाही नाही.

ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून तुम्ही माझे मनगट धरलेत. त्या अवस्थेतही पकड पोते आवळणाऱ्याची होती.

"मास्तर... वैशूला... नगा कळवू. न्हील मला."

मी मान हलवली. तुम्हाला वाटले, मी होकार दिला. मी बाहेर जिन्यापाशी गेलो आणि वैशालीला फोन लावला. आयुष्यात तुमचा शब्द मी पहिल्यांदा मोडला. त्याचा मला पश्चात्ताप नाही. ज्या सगळ्या दिवसांत तो मोडला नाही, त्यांचा आहे.

ती आली. तुम्ही तिच्याकडे पाहिलेत, मग माझ्याकडे पाहिलेत आणि तोंड भिंतीकडे केलेत. थोड्या वेळाने तुमचा हात तिच्या हातात होता. माझ्याशी मात्र तुम्ही पुन्हा बोलला नाहीत. रागाने बोलला नाहीत की दम उरला नव्हता म्हणून, हे मला कधीच कळणार नाही. पुढच्याच दिवशी सगळे संपले. मी रागच धरून चालतो. तो मला परवडतो. तुमचा राग घेऊन मी जगेन. तुमच्या मर्जीत राहून तुमच्या मुलीपासून शेवटची भेट लपवली असती, तर ते मला पेलले नसते.

घाटावरून परतताना वैशाली माझ्याबरोबर चालत होती. मी तिला कळंब्याच्या बांधावरचे तुमचे बोलणे सांगितले. ती रस्त्यातच थांबली.

"काका, न्यायचंच होतं मला त्यांना. खोटं कशाला बोलू? पण ते आले नसते म्हणा. मग मी आले असते हिकडं, महिनाभर. भांडलो असतो आम्ही. मी कपाटं आवरली असती, ते ओरडले असते. भांडायला तरी मिळालं असतं की मला!"

ऐकलेत, आबा? तुमच्या मुलीला तुमच्याशी भांडायचे होते. तिचा त्रास वाचवता वाचवता तुम्ही तिचा महिना घेऊन गेलात. त्या महिन्यात तिने तुमची पोती फेकली असती, तुम्ही ती पुन्हा आत आणली असती, शेजाऱ्यांना करमणूक झाली असती. दोन माणसांचे एकमेकांशी जे नाते असते, ते अशाच त्रासाचे बनलेले नसते तर कशाचे बनलेले असते? तुमच्यावर खर्च होण्याची आम्हा सगळ्यांची तयारी होती. तुम्ही आम्हाला ती संधी नाकारलीत आणि लोक त्याला पुण्य म्हणतात.

मी नाही म्हणणार. आता कुठल्याही घाटावर, कुठल्याही मयताला, 'त्रास न देता गेला' हे वाक्य मी गप्प बसून ऐकणार नाही. ज्याला अचानक मरण आले त्याच्याविषयी म्हणा. त्याच्या हाती काही नव्हते. पण जो दिवसेंदिवस दाराच्या आत धापा टाकत राहिला, आणि ज्याच्या दारापासून चार पावलांवर आम्ही दूध पीत उभे होतो, त्याच्याविषयी म्हणू नका. त्या कौतुकाने पुढचा माणूस मरतो. गल्लीतली प्रत्येक म्हातारी, प्रत्येक विधुर ते कौतुक कान देऊन ऐकत असतो आणि मनात ठरवत असतो, की आपणही असेच शहाण्यासारखे वागायचे.

कट्ट्यावरचा नियम मी बदलला. नुसता पेला उचलून चालत नाही. शामराव धार काढण्याआधी प्रत्येकाने एक लांबलचक वाक्य एका दमात म्हणून दाखवायचे. रंगराव गाडी सोडल्यासारखे उभे राहतात आणि "कागल-निपाणी-संकेश्वर-बेळगाव" असे जाऊन तसेच परत येतात, मध्ये श्वास न घेता, वर शामरावांना विचारतात, "डबल मारू का?" मी एकोणतीसचा पाढा म्हणतो. येणारेजाणारे हसतात. हसू देत. शामरावांनी तर शिस्तच लावली आहे. "मास्तर, तोंड हिकडं करा. डोळं बघू. काल जेवलाता का? काय जेवलाता?" म्हशीची नसेल एवढी तपासणी माणसांची होते. तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी पेला आपटून निघून गेला असता, आणि आम्ही तुमच्या मागून येऊन तुम्हाला उचलून नेले असते. असे रोज मनात येते.

आता जे सांगतो ते सांगायला मला संकोच वाटतो.

या आठवड्यात मला ताप आला. साधाच असेल म्हणून मी गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी खोकला आणि छातीत डाव्या बाजूला श्वासासरशी टोचणी. आणि आबा, घाटावर एवढे बोलून आलेला मी, अंथरुणात पडून काय विचार करत होतो? रंगरावांना कशाला उठवायचे. पत्नीला कळले तर नातवाला टाकून येईल. परीक्षा तोंडावर आहेत. एक दिवस बघू. तुमचे एकेक वाक्य माझ्या तोंडातून माझ्याच आवाजात निघत होते. तुम्हाला दोष देणे किती सोपे होते, हे मला तिथे कळले. त्रास न देण्याची ही खोड तुमच्या एकट्याची नव्हती. ती मलाही आईच्या दुधाबरोबर मिळाली आहे.

सकाळी मी कट्ट्यावर गेलो. खरे सांगतो, पेला उचलून परत यायचे, याच विचाराने गेलो. पाढा सुरू केला. "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक..." आणि पुढचा आकडा तोंडात असून बाहेर येईना.

रंगराव पुढे झाले. "मास्तर, पाढा सुटला का दम?"

त्या क्षणी हसून वेळ मारून नेता आली असती. वय झाले, विसरलो, असे म्हटले असते तर सगळ्यांनी मानले असते. तुमचा चेहरा मला दिसत होता, उशिराने हसणारा. मी शामरावांच्या म्हशीच्या दाव्याला धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "दम. मला बरं नाही. मला एकट्याला जाता येणार नाही. कुणीतरी घेऊन चला."

एवढीच चार वाक्ये. माझ्या आयुष्यातले कुठलेही व्याख्यान मला इतके जड गेले नव्हते. लाज वाटली, डोळ्यांत पाणी आले. आणि कट्ट्यावर काय झाले म्हणता? कुणी हळहळले नाही, कुणी उपकाराचा चेहरा केला नाही. रंगराव ओरडले, "मग काल का न्हाय बोललासा? घाटावर भाषाण करायला बरं जमतंय!" शामरावांनी धार अर्धी टाकून रिक्षा थांबवली. म्हैस चिडली, तिने बादली उलटवली, दूध रस्त्यावर गेले, आणि त्याबद्दलसुद्धा मलाच चार शब्द ऐकावे लागले.

त्याच डॉक्टरीणबाई होत्या. फुप्फुसाच्या एका कोपऱ्यात सुरुवात होती. "आज आलात ते बरं केलंत, सर," एवढेच म्हणाल्या. इंजेक्शने, गोळ्या, रोज येऊन दाखवायचे, आणि घरात एकटे राहायचे नाही. हे शेवटचे त्यांनी रंगरावांकडे बघून सांगितले.

म्हणून रंगराव काल सकाळपासून माझ्या घरी मुक्कामाला आहेत. त्यांनी पत्नीला मला न विचारता फोन केला. ती रागावली आहे आणि पुण्याहून निघाली आहे. नातवालाही घेऊन येते आहे. बसमध्ये बसल्यापासून तिने मला तीनदा फोन करून झापले. रंगराव स्वयंपाकघरात आमटी करत आहेत. त्यांनी आतापर्यंत एक बशी फोडली आहे, दोन वेळा गॅस कसा लागत नाही म्हणून शिव्या घातल्या आहेत, आणि हे लिहीत असताना मला हाका मारून मारून हैराण केले आहे: मीठ कुठे, चिमटा कुठे, एवढी डाळ कुणासाठी भरून ठेवली आहे. त्यांना धड झोप मिळालेली नाही. गुडघा धरून चालत आहेत. हे सगळे माझ्यामुळे.

त्यांना माझा त्रास होतो आहे, आबा. होऊ दे.